'बातम्या संपल्या' हे दोन शब्द परत द्या

प्रति,
मराठी वृत्तवाहिन्यांचे संपादक, बुलेटिन प्रोड्युसर, अँकर आणि रात्रपाळीला पट्टी टाइप करणारी मंडळी,

स. न. वि. वि.

मी एका मराठी दैनिकात ३१ वर्षं मुद्रितशोधक होतो. प्रूफरीडर म्हटलं की लोकांना पटकन कळतं, म्हणून तेही सांगतो. आता निवृत्त आहे, पण खोड गेलेली नाही. हॉटेलचं मेन्यूकार्ड, लग्नाची पत्रिका, एसटीच्या पाटीवरचं गावाचं नाव, काहीही समोर आलं तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतं आणि मग मजकूर. तेव्हा पत्रात कुठे कुठे तिरकस वाटलो तर तो धंद्याचा दोष समजा.

७ जून २०२२ रोजी प्रदीप भिडे गेले. मला ते तुमच्याच पडद्यावरून कळलं. खाली लाल पट्टी आली आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर होता: 'दुरदर्शनचे जेष्ठ वृत्तनिवेदक प्रदिप भिडे यांचं निधन'. सात शब्द, तीन चुका. दूरदर्शनचा दू ऱ्हस्व, ज्येष्ठमधला य गायब आणि प्रदीपमधला दी ऱ्हस्व. मी चॅनल बदलायला रिमोट उचलला आणि तसाच हातात धरून बसलो, कारण वर त्यांची जुनी क्लिप सुरू झाली होती. आठ-दहा सेकंदांची असेल. भिडे सरळ कॅमेऱ्यात बघून बातमी वाचताहेत, ओठ हलताहेत, आणि आवाज बंद. त्यावर तुमचं ते ढोलासारखं धडधडणारं संगीत, आणि त्याहून वरच्या पट्टीत अँकरताई सांगताहेत की एक भारदस्त आवाज हरपला.

वाहिनीचं नाव लिहीत नाही, एकाच वाहिनीला धरून उपयोगही नाही. पण ज्या माणसाची सगळी कमाई आवाजाची, त्याला श्रद्धांजली देताना त्याचाच आवाज म्यूट करावा हे कुणालाच खटकलं नाही, ते माझ्या डोक्यातून आजही गेलेलं नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म तेव्हा झालेला नसेल, म्हणून थोडं मागचं सांगतो. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले. बातम्या द्यायला जी माणसं आली ती 'अँकर' व्हायला आलेली नव्हती. डॉ. विश्वास मेहेंदळे हे पहिले मराठी वृत्तनिवेदक म्हणून ओळखले गेले. तेही जानेवारी २०२३ मध्ये गेले. अनंत भावे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे. भक्ती बर्वे रंगभूमीवरची. स्मिता पाटील तर जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा सगळ्यांनी ऐकलाय. कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच दिसायचं, त्यामुळे चालून जायचं. चारुशीला पटवर्धनांचा चेहरा आमच्या पिढीला घरातल्या मावशीइतका ओळखीचा. आणि भिडे. जवळपास चार दशकं त्यांनी बातम्या वाचल्या, शिवाय हजारो जाहिराती आणि माहितीपटांना आवाज दिला. पण रस्त्यात भेटणारा माणूस त्यांना 'बातम्यांवाले भिडे' म्हणूनच ओळखायचा.

तेव्हा टेलिप्रॉम्प्टर नव्हता. समोर कागदांची चळत असायची. एक ओळ कागदावर बघायची, मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत ती म्हणायची, पुन्हा खाली बघायचं, आणि हे करताना वाक्य मध्ये तुटू द्यायचं नाही. मधूनच फ्रेमच्या बाहेरून एक हात यायचा आणि नवा कागद सरकवून जायचा. तो कागद निवेदकानं आधी वाचलेला नसायचा. त्यातही 'त्र्याण्णव', 'एकोणऐंशी' असले आकडे आणि कुठल्या तरी देशाच्या नव्या पंतप्रधानाचं नाव असायचं. घरी बसून आम्ही त्या हाताची वाट बघायचो. भिड्यांच्या बाबतीत गंमत अशी की तो हात दिसला नाही तर मध्ये काही नवीन आलंय हे कळायचंच नाही. स्वर तोच, गती तीच.

आता आमच्या ऑफिसात या. संपादकीय विभागात लोखंडी कपाटावर एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि त्याची वायर खिडकीच्या गजाला बांधलेली होती. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की मुद्रितशोधकांचे प्रमुख, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर उभे राहायचे. बातमी ऐकायला नव्हे, बातमी तर त्यांच्या टेबलावर तीन तास आधी आलेली असायची. त्यांना नावं ऐकायची असायची. वृत्तसंस्थेचा, म्हणजे एजन्सीचा, मजकूर इंग्रजीत यायचा, आणि इंग्रजीला ळ आणि ण कुठून ठाऊक? नव्या उपसंपादकानं एकदा 'रायगड जिल्ह्यातील पेन येथे' असं लिहिलं होतं, गणपतीच्या मूर्तींसाठी जगभर नाव असलेल्या पेणचं. शिरोळचं शिरोल, वाळव्याचं वालवा, चाकणचं चाकन, अकोल्याचं अकोले आणि अकोलेचं अकोला. गोर्बाचेव्ह सत्तेवर आले तेव्हा तर त्यांचं नाव कसं लिहायचं यावर आमच्याकडे दोन दिवस तंटा होता. अशा वेळी अण्णांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: 'भिडे काय म्हणाले?' भिडे जे म्हणाले ते छापलं जायचं.

हे आंधळेपणानं नव्हतं. भिडे आणि भावे नाव विचारून घेत असतील, ही आमची खात्री होती. 'जमीन'मधला ज वेगळा आणि 'जनता'मधला ज वेगळा, हे लिहून दाखवता येत नाही, म्हणूनच बोलून दाखवावं लागतं. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक उपसंपादक पक्के भावेवाले होते आणि अण्णा पक्के भिडेवाले. दोघांत रोज वाद. भाव्यांचं वाचन म्हणजे वर्गात शांतपणे धडा समजावून सांगणं, आणि भिड्यांचं म्हणजे खर्जातली तान, असं काहीतरी चालायचं. मी नवीन होतो, ज्याच्याकडे चहाची पाळी असेल त्याची बाजू घ्यायचो. बुलेटिनांची स्पर्धा म्हणाल तर ती ही. घरी वेगळी. आजोबा आकाशवाणीचे आणि वडील दूरदर्शनचे. आजोबांचं म्हणणं, बातमी ऐकायची असते, बघायचं काय त्यात? पुणे आकाशवाणीवर सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत तेव्हा घरात भांड्यांचा आवाजही झालेला त्यांना चालत नसे. (पुढे सुधाताईंचे चिरंजीव मनोज नरवणे देशाचे लष्करप्रमुख झाले. आजोबा असते तर म्हणाले असते, आवाजातच शिस्त होती.)

३० सप्टेंबर १९९३ ची रात्र मला आठवते. आदल्या दिवशी विसर्जन, अर्धं ऑफिस रात्रभर जागलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. संध्याकाळपर्यंत एजन्सीवर गावांची नावं यायला लागली, आणि त्यातली निम्मी आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेली नव्हती. सास्तूर की सस्तूर? गुबाल की गुबाळ? होली की होळी? तिथले लोक ढिगाऱ्याखाली आणि आम्ही इथे ल आणि ळ करत बसलोय, याची लाज वाटत होती. पण दुसरीकडे हेही कळत होतं की उद्या कुणी नाशकात किंवा मुंबईत बसून आपल्या माहेरचं नाव अंकात शोधेल. टीव्ही लागला. अण्णा पेन्सिल घेऊन उभे. निवेदकाचा आवाज एक पट्टीही वर गेला नाही. एकेक गाव, नीट, सुटं सुटं. गुबाळ. अण्णांनी कागदावर ळ लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि चष्मा काढून पुसत उभे राहिले. मी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं. ड्यूटीवर त्यांचे डोळे भरलेले तेवढे एकदाच पाहिले.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारा जुन्या दिवसांचे गोडवे गातोय. थांबा. त्या बातम्या सरकारी होत्या, हे मी विसरलेलो नाही. मंत्र्यांची उद्घाटनं, फिती, दीपप्रज्वलन आणि 'यावेळी ते बोलत होते'. आणीबाणीत तर तोंडातून काय निघणार हे वर ठरायचं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. इंदिराजींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. त्या गेल्याचं बीबीसीनं जगाला सांगितलं, आणि आपल्या आकाशवाणीनं, दूरदर्शननं अधिकृतपणे सांगायला संध्याकाळ उजाडली. केसांत गुलाब माळणाऱ्या दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका सलमा सुलतान त्या संध्याकाळी पडद्यावर आल्या तेव्हा देशाला जे कळायचं ते कळून चुकलं होतं. त्या दिवशी आमच्याकडे सगळे बीबीसीला कान लावून बसलेले, आणि कपाटावरच्या टीव्हीकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. उच्चार कितीही शुद्ध असले तरी बातमीच दाबली तर त्या शुद्धतेला काय चाटायचंय? प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं, यावरून सरकारला घाई किती होती ते दिसतं.

तेव्हा स्पर्धा यायलाच हवी होती, आणि ती आली तेव्हा मी खूश होतो. जुलै १९९५ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरेंद्र प्रताप सिंह यांचं 'आज तक' सुरू झालं. २० मिनिटांचं बुलेटिन, बोलीभाषा, थोडी खट्याळ. खासगी कंपनीनं केलेल्या बातम्या सरकारी वाहिनीवर, हे त्या काळी नवल होतं. सिंह शेवटी म्हणायचे: 'ये थीं खबरें आज तक, इंतजार कीजिए कल तक.' दोन वर्षांत, जून १९९७ मध्ये, ते गेले. २००० च्या अखेरीला 'आज तक' चोवीस तासांची वाहिनी झाली. तेव्हापासून 'कल तक' थांबायचा प्रश्नच राहिला नाही. माझ्या मते आपल्याकडची शर्यत नेमकी तिथे वळली, पण त्याकडे पुन्हा येतो.

मराठीत १९९९ ला अल्फा मराठी आली, २००० ला ई टीव्ही मराठी. ई टीव्हीची गंमत म्हणजे आपली मुलं-मुली हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत बसून महाराष्ट्राच्या बातम्या वाचायची, आणि तरी गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या बातम्या दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीपेक्षा जास्त असायच्या. तालुक्याच्या वार्ताहराला पहिल्यांदा कॅमेरा मिळाला. आमचे जिल्हा प्रतिनिधी तेव्हा खरे घाबरले, कारण सकाळी अंकात यायची ती बातमी रात्रीच दिसायला लागली. सह्याद्रीवरही ताण आला, बुलेटिनं सुधारली, मंत्र्यांच्या फिती कमी झाल्या. ही स्पर्धा चांगली होती. एकानं चांगलं केलं म्हणून दुसऱ्याला करावं लागलं.

मग २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ ला आयबीएन लोकमत. निवडणूक निकालांच्या रात्री आम्ही ऑफिसात तिन्ही लावायचो, आणि सांगायला हरकत नाही, आमच्या पहिल्या पानाचे मथळे कित्येकदा तुमच्याकडून उचललेले असायचे. त्याच २००८ मध्ये २६ नोव्हेंबरची रात्र आली. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो सगळ्या देशानं थेट पाहिले. ते पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांनीही पाहिले. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबच्या खटल्यात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या त्या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये तर नियमच आला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढीच द्यायची. ज्या सरकारला आम्ही १९८४ ला शिव्या घातल्या त्याच सरकारच्या हातात तुम्ही पुन्हा दोरी दिली. तीही कारण देऊन.

तुमच्यातल्या कुणाशीही बोलायला गेलं की उत्तर तयार असतं: 'काका, गुरुवारी आकडे येतात.' टीआरपी. मीटर लावलेल्या काही हजार घरांवरून राज्य काय बघतंय ते ठरतं, त्यावर जाहिराती, त्यावर पगार. कळतं मला. आमच्याकडेही खपाचे आकडे यायचे आणि मालक खाली उतरायचे. पण ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा तपास जाहीर केला, आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं बंद केलं. ते पुन्हा सुरू झाले मार्च २०२२ मध्ये. म्हणजे जवळपास १७ महिने तुमच्यापैकी कुणालाही गुरुवारी काहीच येत नव्हतं. कोण पुढे, कोण मागे, कुणाला ठाऊक नाही. मी घरी होतो, महामारी होती, बघायला दुसरं काम नव्हतं. त्या १७ महिन्यांत एकाही वाहिनीचा आवाज खाली आला नाही. पट्ट्या तेवढ्याच, चौकटी तेवढ्याच, 'सर्वात आधी आमच्याकडे' तेवढंच. मास्तर वर्गात नाहीत, परीक्षा रद्द झालीय, आणि पोरं तरीही एकमेकांच्या वह्या ओढताहेत. तेव्हा कृपा करून गुरुवारचं कारण मला सांगू नका.

एक शब्द सांगतो आणि मग मागणीकडे येतो. शब्द आहे 'खुलासा'. आमच्या मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. अधिकाऱ्याकडून खुलासा मागवतात तो. आमच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर तळाला एक छोटी चौकट असायची, तिचं शीर्षकच 'खुलासा'. काल अमुक बातमीत तमुक नाव चुकीचं छापलं गेलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. चार ओळी. त्या चार ओळी छापायची वेळ आली की ज्याची चूक असेल तो दोन दिवस कँटीनमध्ये कुणाशी बोलायचा नाही. माझ्या नावावर असे नऊ खुलासे आहेत आणि नऊच्या नऊ मला पाठ आहेत. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. तुम्ही तो अर्थ तसाच उचललात. त्यामुळे आता तुमच्याकडे दर दहा मिनिटांनी 'मोठा खुलासा' होतो, आणि आमच्या अर्थाचा खुलासा वर्षानुवर्षं होत नाही. सकाळी ज्याला आरोपी म्हणून गोल करून दाखवलंत तो संध्याकाळी निर्दोष निघाला तर पट्टी गुपचूप बदलते. पट्टीला कात्रण नसतं, हे तुमच्या पथ्यावर पडलंय.

'माझी मदत करा', 'मी त्यांना बोललो', 'चर्चांना उधाण', 'एकच खळबळ' हे सगळं सोडून देतो. भाषा बदलते, मुलं ग्रामीण भागातून येतात, त्यांच्या बोलीचा वास यावाच. शुद्धतेच्या नावाखाली पुणेरी उच्चार सगळ्यांवर लादायचा माझा आग्रह नाही. अण्णा स्वतः खानदेशातले होते. पण गावाचं नाव, माणसाचं नाव आणि आकडा, या तीन गोष्टी चुकायला बोलीचं निमित्त चालत नाही. नाव विचारून घ्यायला एक फोन लागतो.

आता मागणी. रोज रात्री अर्धा तास. चोवीस तासांतला फक्त अर्धा. बाकीच्या साडेतेवीस तासांत तुम्ही सहा चौकटींत सहा प्रवक्ते भांडायला बसवा, ओबी व्हॅन पावसात उभी करा, वार्ताहराला गुडघाभर पाण्यात उतरवून 'पाणी किती आहे' ते विचारा, माझी तक्रार नाही. अर्धा तास मात्र एक माणूस बसवा. बाई असो, बुवा असो. सुरुवातीला ठळक बातम्या. मग सविस्तर. मग ठळक बातम्या पुन्हा एकदा, कारण कुणीतरी स्वयंपाकघरात असतं, कुणाची लोकल उशिरा आलेली असते. मागे संगीत नको. खाली पट्टी नको, किंवा असलीच तर एक, आणि ती वाचणाऱ्याच्या शब्दांशी भांडणारी नको. आदल्या दिवशी काय चुकलं ते एका वाक्यात सांगा, जुन्या अर्थानं खुलासा म्हणा त्याला. आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून 'बातम्या संपल्या' असं म्हणा.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून मघाशी म्हटलं होतं की पुन्हा येतो. पूर्वीच्या बुलेटिनला शेवट होता. बातम्या संपल्या म्हणजे आज जे सांगण्यासारखं होतं ते सांगून झालं, आता जेवा. वडील उठून टीव्हीचं शटर ओढायचे, आई ताटं घ्यायची. वाईट बातमी असली तर जेवताना तिच्यावर बोलणं व्हायचं, चांगली असली तरी व्हायचं. ज्या बुलेटिनला शेवट असतो त्याला निवड करावी लागते. २० मिनिटांत काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी डोकं लावून ठरवतं, आणि त्या निवडीवरून तुमचं बुलेटिन बरं की शेजारच्याचं ते आम्ही ठरवतो. स्पर्धा खरी तिथे होती. शेवटच नसेल तर निवड कशाला करायची? सगळंच दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा. मग 'आधी कोण' एवढीच एक शर्यत उरते, आणि तीही काही सेकंदांची. घरी बसलेल्या कुणाला ते सेकंद मोजता येत नाहीत. ते फक्त तुमच्या पीसीआरमध्ये, म्हणजे नियंत्रण कक्षात, शेजारच्या वाहिन्यांचे पडदे लावून बसलेल्या माणसाला दिसतात. तुम्ही ही शर्यत एकमेकांना दाखवण्यासाठी धावताय. आम्ही मध्ये सोफ्यावर बसलोय.

चालणार नाही, लोक बघणार नाहीत, असं म्हणाल. कदाचित. पण चारपैकी एका वाहिनीनं हे केलं तर ती बाकी तिघांपेक्षा वेगळी दिसेल, एवढं तर धंद्याच्या हिशेबातही बसतं. आज रिमोट दाबत गेलं की चॅनल बदलल्याचं फक्त लोगोवरून कळतं.

अँकर मंडळींना वेगळं एक सांगायचंय. तुम्हाला दोष देणं सोपं आहे आणि मी ते घरी रोज करतो, पण मला ठाऊक आहे की कानात टॉक बॅकवर कुणीतरी 'ताण, ताण, ब्रेकला अजून दोन मिनिटं आहेत' असं ओरडत असतं. प्रॉम्प्टरवर जे येतं ते तुम्ही लिहिलेलं नसतं. सलग तास न् तास बोलायला कुणी भिड्यांना बसवलं असतं तर त्यांचाही घसा बसला असता. तुमच्यातल्या दोघा-तिघांचे उच्चार मला मनापासून आवडतात. नावं लिहीत नाही, उगाच बाकीच्यांना वाईट वाटायचं. पण तुम्ही वाचता तेव्हा मी अजूनही पेन्सिल शोधतो, एवढं सांगतो.

७ जून ही तारीख विचित्रच निघाली. भिडे गेले त्यानंतर बरोबर एका वर्षानं, ७ जून २०२३ ला, इंग्रजी बातम्यांच्या गीतांजली अय्यर गेल्या. आमच्या घरी इंग्रजी बातम्या कळायच्या कुणालाच नाहीत, पण त्या लागल्या की वडील बंद करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ऐक नुसतं, बाई कशी थांबते ते बघ. त्या दिवशीही तुमच्याकडे पट्टी आली असेलच. मी टीव्ही लावला नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. २०२२ ची ती क्लिप तुमच्या लायब्ररीत असेल, आणि पुढच्या ७ जूनला पुन्हा काढाल. काढताना दोन कामं करा. दूरदर्शनचा दू दीर्घ, ज्येष्ठला य, प्रदीपचा दी दीर्घ, हे झालं पहिलं. आणि त्या आठ-दहा सेकंदांपुरता ढोल बंद करून त्यांचा आवाज चालू ठेवा.